आत्याबाईंची ओवी आणि गोधडीचा स्टुडिओ

तुमच्यातल्या बऱ्याच जणी विचारतात, "ताई, आमच्या ओव्या मोबाईलवर घेतल्या की पत्र्याच्या डब्यात गायल्यासारख्या का वाटतात? जुन्या कॅसेटवर कशा गोड यायच्या!" आज तेच सांगते, माझ्या घरातल्या गोष्टीवरून.

माझ्या आत्याबाईंना शे-दोनशे ओव्या तोंडपाठ. तीन वर्षांपूर्वी आम्ही पैसे साठवून त्यांना एका स्टुडिओत नेलं. काचेची बंद खोली, कानाला हेडफोन, समोर जातं नाही की कुणी सोबतीण नाही. मागून कीबोर्डही जोडला. घरी येऊन ऐकवलं तर म्हणाल्या, "ही कोण बाई गातीय?" आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, दम लवकर लागतो. पुन्हा घ्यायचं तर वेळ घालवून चालणार नव्हतं.

आधी कॅसेटचं गुपित सांगते. फितीवर लोहाच्या भुकटीचा थर असतो आणि आवाज त्यात चुंबकाने उमटतो. गाणारीने आवाज चढवला की फीत एका मर्यादेनंतर जास्त घेत नाही, पण ती हळूहळू दबते, आवाजाचं टोक गोल होतं. वरचा टोचरा सूरही थोडा मऊ होतो. मोबाईलचं तसं नाही. मर्यादा ओलांडली की तो टोक सपाट छाटून टाकतो, म्हणून कानाला फाटल्यासारखं लागतं. छाटलेलं परत जोडता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंगची पट्टी दोन तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. आवाज बारीक आला तर नंतर वाढवता येतो.

पण सगळं श्रेय फितीचं नाही बरं का. पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करवल्या. आपल्या शिरूर तालुक्यातलं सविंदणंही त्यात आहे. त्यांचे सहकारी बर्नार्ड बेल यांनी १९९० नंतरच्या काळात शंभराहून जास्त तास आवाज टिपला, तो डिजिटल फितीवर! आता त्या ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. ऐकून बघा, कुठं डबा वाटतो का? बाया आपल्या घरात, आपल्या सोबतिणींत गात होत्या. माझ्या मते निम्मा गोडवा तिथंच आहे.

मग आम्ही घरातलीच मधली खोली घेतली. आत्याबाईंच्या पाठीमागं आणि समोरच्या भिंतीवर दोरी बांधून गोधड्या टाकल्या. आवाज कोऱ्या भिंतीवर आपटून परत येतो, त्यानेच तो डबा वाटतो. पंखा बंद, फ्रीज बंद. दौंडच्या मैत्रिणींना रेल्वेची घरघर सोसावी लागते, त्यांनी दोन गाड्यांच्या मधला वेळ धरावा. मोबाईल विमान मोडवर टाकून तोंडापासून दीड वितीवर, थोडा बाजूला ठेवला. अगदी समोर धरला की 'प' आणि 'भ' म्हणताना फुंकर बसते. आणि फोन जमिनीवर नाही, स्टुलावर घडी केलेल्या चादरीवर, कारण जातं फिरलं की जमीन थरथरते. सेटिंगमध्ये आवाज आपोआप साफ करायची सोय असेल तर ती बंद करा. ती जात्याची घरघर कचरा समजून पुसते, आणि सोबत गळ्याचा बारकावाही.

एवढं करूनही फितीची चव हवी असेल तर भंगारात जाणारा टेपरेकॉर्डर शोधा. मागं 'लाइन इन' लिहिलेलं भोक असलेला डेकच उपयोगी. मोबाईलमधली ओवी वायरीने त्यात सोडायची, काटा लाल पट्टीला जरासा शिवेल इतपत आवाज ठेवून कोऱ्या कॅसेटवर भरायची, मग ती वाजवून हेडफोनच्या भोकातून परत कॉम्प्युटरमध्ये घ्यायची. 'ऑडासिटी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आधी डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. थोडी सूं-सूं येईल, ती राहू द्या. मूळ फाईल मात्र जपून ठेवा.

आणि घरात आई-सासूच्या आवाजाची कॅसेट असेल तर आजच तिच्या पाठीमागच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाणार नाही. आमच्याकडं मामंजींच्या आवाजावर क्रिकेटची कॉमेंटरी बसलीय. कुणाला बोल लावायचा?

आत्याबाईंच्या अकरा ओव्या झाल्या. सहावीत त्या खोकल्या. मी ते कापायला निघाले तर म्हणाल्या, "राहू दे गं, माझाच खोकला हाय."

तुमच्या ओव्या आमच्याकडं पाठवाल तेव्हा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करू नका, त्यात आवाज आवळला जातो. फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि सुरुवातीला गाव नि गाणारीचं नाव तिच्याच तोंडून येऊ द्या.