कारखान्यातील सुरक्षितता
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वाकस, रंधा व हातकरवत यांवर ज्यांचा संसार चालला, त्या आपल्या सुतारबंधूंच्या कारखान्यांत आता विजेची गोल करवत आली आहे. कामाबरोबर धोकाही वाढला. साधने आणून ठेवल्यानेच सुरक्षितता येत नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे विषारी वायू सुटला, तेव्हा शीतयंत्र बंद होते आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी काढून ठेवलेली होती. साधने होती, देखभाल नव्हती.

म्हणून आमची विनंती अशी, की मालकाने प्रथम स्वतः जबाबदारी पत्करावी. दर आठवड्यास कारागिरांसह प्रत्येक यंत्र तपासावे. पात्यावरील आवरण काढून काम करू देऊ नये. सफाईपूर्वी वीज तोडावी. बोट थोडक्यात वाचले, तरी तेही वहीत नोंदवून कारण शोधावे. सांगणाऱ्यावर रागावू नये. नव्या उमेदवारास शिकविल्यावाचून करवतीपाशी उभे करू नये. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केले. तेव्हा धूळ झाडून उडविण्याऐवजी यंत्राने ओढून घ्यावी.

कारागिराचे हात हेच त्याच्या मुलाबाळांचे वतन होय. ते राखण्यास लागणारा पैसा आपण सर्वांनी भांडवलातच धरावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.