सोसणं आणि सोसायला लावणं

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. आम्ही शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. ऐकलं, वाचलं, तेच सेवेत ठेवतो. आज चिंतनाला घेतलीय क्षमा, म्हणजे सोसण्याचं बळ.

आपल्या नाशिकची पांडवलेणी सगळ्यांनी पाहिलीत. नाव पांडवांचं, पण ते बौद्ध भिक्खूंचे विहार. लेणी २४. पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहायचे, आपल्या चातुर्मासासारखंच. त्यांच्या वस्त्रांसाठी नि गरजेसाठी उषवदात नावाच्या दात्याने इथल्या विणकरांकडे ३००० नाणी ठेवली, असं तिथल्या शिलालेखात कोरलेलं आहे. क्षमेला ते लोक खंती म्हणतात. तिचा एक दृष्टांत ऐका.

पुण्ण नावाचा भिक्खू गौतम बुद्धांना म्हणाला, मी सुनापरांतात जातो. अभ्यासक सांगतात, ते म्हणजे आपल्या कोकणातलं सोपारा. बुद्ध म्हणाले, तिथली माणसं तापट, शिव्या देतील. पुण्ण म्हणाला, मी म्हणेन, भले लोक, हात तर उगारला नाही. हात उगारला तर? म्हणेन, ढेकळं तर मारली नाहीत. ढेकळं, काठी, शस्त्र, असं विचारत विचारत गोष्ट जिवापर्यंत गेली, पण पुण्ण ढळला नाही. मग बुद्धांनी त्याला जायला सांगितलं. तो गेला आणि त्याच माणसांतले शेकडो त्याचे झाले. त्या सोपाऱ्याला १८८२ साली स्तूप उकरून निघाला.

आता आपल्याकडचं पाहा. हीच गोदामाई त्र्यंबकहून निघून पैठणला जाते. तिथं नाथ महाराज स्नान करून यायचे आणि एक जण अंगावर थुंकायचा. परंपरा सांगते, १०८ वेळा थुंकला, १०८ वेळा नाथ गंगेत उतरले. शेवटी थुंकणाराच पाया पडला. गाव वेगळं, काळ वेगळा, पण बळ एकच.

पण माऊली, इथं एक गोम आहे. पुण्णाने आणि नाथांनी सोसलं ते स्वतःच्या अंगावर. दुसऱ्याला मार बसत असताना, "बाबा, तू सोस," असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

२ मार्च १९३० ला आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे बाबासाहेब आंबेडकर, कर्मवीर दादासाहेब गायकवाड. रामनवमीच्या रथाला दगड पडले. तरी माणसं हटली नाहीत, पाच वर्षं लढा चालला. रामाचं दार काही उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला, बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली, आणि १९५६ ला नागपूरला बुद्धाचा धम्म घेतला. आता सांगा, धीर कोणाचा कमी पडला? दाराबाहेर उभे राहणारांचा की आत कडी लावून बसणारांचा? आपल्या पंढरीचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस अन्न सोडावं लागलं. गुरुजींनी बाहेरच्यांना थांबा म्हटलं नाही, स्वतःच्या पोटाला उपाशी ठेवलं. याला क्षमा म्हणायची.

मग ही अंगी यावी कशी? द्राक्षबाग पाहा. एप्रिलला खरड छाटणी करतो, वेल बोडका दिसतो. नवखा म्हणेल, बाग गेली. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो घड निघतो, त्याची तयारी उन्हाळ्यातच काडीत होते. तेवढे महिने आपण हात बांधून बसत नाही, पाणी, खत, फवारणी चालूच असते. धीर म्हणजे नुसतं थांबणं नाही, फळ दिसत नसताना काम करत राहणं.

पुण्णाने निघायच्या आधीच मनाशी ठरवून ठेवलं होतं, कोण काय बोलेल नि आपण काय म्हणू. आपणही प्रस्थानाला तेवढंच करावं. टँकरला रांग लागणार, कोणी मध्ये घुसणार. राहुटीत जागेवरून बाचाबाची होणार. आपला अपमान झाला तर एक श्वास घ्यावा, विठ्ठल म्हणावं आणि सोडून द्यावं. पण पंगतीत कोणाला उठवलं, कोणा माऊलीला मागे ढकललं, तर तिथं गप्प बसणं ही क्षमा नव्हे. तिथं हात जोडून, पण ठामपणे बोलावं.

आपलं आपण सोसावं, दुसऱ्याला सोसायला लावू नये. शंभर वर्षांच्या दिंडीने पुढच्या पिढीला एवढी शिदोरी द्यावी, हीच विनंती. रामकृष्ण हरी!