हाडांचे वय कशावरून ठरते?



ठाण्याहून कल्याणकडे येताना पारसिकचा डोंगर आपण रोज पाहतो. त्याचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून वाहिलेल्या या रसाचे थर थेट जबलपूरपर्यंत पोचलेले आहेत. तेथे त्यांच्याखाली लामेटा नावाचे थर आहेत. त्यांत सापडलेल्या हाडांवरून ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ साली इंडोसुकस व इंडोसॉरस या दोन मांसाहारी डायनोसॉरांचे वर्णन केले.

या हाडांचे वय कसे काढायचे? कार्बनची पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही. म्हणून शास्त्रज्ञ वरच्या लाव्ह्याचे वय काढतात. त्यातील किरणोत्सारी पोटॅशियमचे ठराविक गतीने आर्गॉन होत असते. ते मोजले की वय कळते. लाव्ह्याखालचा थर अर्थातच त्याच्या आधीचा.

मग हे दोन्ही प्राणी एकाच वेळी नांदत होते काय? थर एक, एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. एक थर साचायला हजारो वर्षे लागू शकतात. पाणी निरनिराळ्या काळची हाडे एकत्र आणते. एका कपाटात दोन वह्या सापडल्या, म्हणून त्या एकाच वर्षाच्या ठरतात काय? शिवाय अवशेष इतके तुटपुंजे, की हे प्राणी खरोखर दोन होते काय, अशीही शंका घेतली जाते.

विद्यार्थी मित्रांनो, पुरावा जेवढा, तेवढेच बोला. आणि पालकहो, मुलाने “कशावरून?” विचारले तर त्याला गप्प बसवू नका. शास्त्राची सुरुवात त्याच प्रश्नाने होते.