बाळाच्या वजनाचे माप



बाळगुटी उगाळताना आपण वेढे मोजतो. मुलाच्या मूत्रपिंडाच्या तपासणीत किरणोत्सर्गी औषध टोचतात, त्यालाही असेच माप हवे. २००८ साली उत्तर अमेरिकेतील १३ बालरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. एकाच तपासणीला जागोजागी निराळे माप आढळले. म्हणून २०१० मध्ये तेथील तज्ज्ञांनी एकमताने माप ठरविले. डी.एम.एस.ए. तपासणीला दर किलोस १.८५ मेगाबेकेरेल, म्हणजे २० किलोच्या मुलास ३७. मात्र बाळ कितीही लहान असले तरी १८.५ हून कमी नाही. चित्र अस्पष्ट आले, तर टोचणेच व्यर्थ! त्यातील टेक्नेशियमचा किरणोत्सर्ग दर ६ तासांनी निम्मा होतो.

तेव्हा भगिनींनो, भिऊन आवश्यक तपासणी टाळू नका. “माप बाळाच्या वजनावरून ठरविले ना?” एवढे मात्र न संकोचता विचारा.