मळेकामगारांचे नागरिकत्व : सिलोनचा धडा

(कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यानाचा सारांश)



नागरिकत्वाचा कायदा बदलतो तेव्हा चर्चा चालते ती सरहद्द ओलांडून येणाऱ्या परक्याची. आघात मात्र होतो तो देशात आधीच स्थिरावलेल्या कष्टकऱ्यावर. सिलोनच्या, म्हणजे १९७२ पासून श्रीलंका म्हणविल्या जाणाऱ्या देशाच्या, मळेकामगारांचा इतिहास प्रत्येक समाजवादी कार्यकर्त्याने या दृष्टीने अभ्यासला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मळेवाल्यांनी प्रथम कॉफीसाठी व नंतर चहासाठी तमिळ मुलुखातून मजूर नेले. त्यांत दलित आणि भूमिहीन यांचा भरणा मोठा होता. कंगाणी नावाचा मुकादम उचल देऊन त्यांना नेई आणि त्या कर्जात ते अडकून पडत. डोंगरावरचे जंगल तोडून त्यांनी मळे उभे केले, बराकींत संसार थाटले, मुलेबाळे तेथेच वाढविली. १९३१ साली प्रौढ मताधिकार आला, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांना मतही मिळाले. पुढे कामगार संघटना मळ्यांत शिरल्या. १९४० साली मूलोया मळ्यातील संपाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात गोविंदन हा कामगार ठार झाला. पण संघटना मोडली नाही. १९४७ च्या निवडणुकीत सिलोन इंडियन काँग्रेसचे उमेदवार डोंगराळ मतदारसंघांतून निवडून आले आणि इतरत्र या मतांचा लाभ डाव्या पक्षांना झाला.

सत्ताधाऱ्यांनी या गोष्टीची दखल तत्काळ घेतली. स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, १९४८ साली, नागरिकत्वाचा कायदा झाला. सिलोनमध्ये जन्मणे आता पुरेसे राहिले नाही. बापाचा, अथवा आजा व पणजा या दोघांचा, जन्मही तेथेच झाल्याचे दाखविणे भाग पडले. बराकीत राहणाऱ्या निरक्षर मजुराने पणज्याच्या जन्माचा दाखला आणावा कोठून? १९४९ च्या कायद्याने अर्ज करण्याची वाट ठेविली, परंतु तीही अखंड वास्तव्याच्या पुराव्यांनी अडविलेली होती. सुमारे ८ लाख माणसांसाठी अर्ज झाले. १९६४ पर्यंत त्यांतील साधारण सहाव्या हिश्श्यालाच नागरिकत्व लाभले. दरम्यान १९४९ सालीच मताधिकार केवळ नागरिकांपुरता करण्यात आला आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर मळेकामगारांचा एकही प्रतिनिधी संसदेत उरला नाही. मजुरांचे श्रम देशाला हवे होते, चहाचे परकीय चलनही हवे होते. नको होते ते त्यांचे मत.

डाव्या पक्षांनी १९४८ साली या कायद्याला विरोध केला, हे त्यांना भूषणावह आहे. तथापि इतिहासाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येणार नाही. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी सिरिमाओ बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांचा करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यावीत, ३ लाख सिलोनने ठेवावीत आणि उरलेल्यांचा निर्णय मागाहून व्हावा, असे ठरले. १९७४ साली त्या दीड लाखांचीही निम्मी-निम्मी वाटणी झाली. ज्यांचे आयुष्य वाटले जात होते त्यांची संमती कोणी घेतली नाही. १९६४ च्या कराराच्या वेळी लंका समसमाज पक्ष मंत्रिमंडळात होता आणि एन. एम. परेरा अर्थमंत्री होते. बहुसंख्याकांचा रोष ओढवू नये म्हणून असंघटितांच्या हक्काचा सौदा मुकाट्याने पाहणे, ही चूक समाजवादी पक्षाकडूनही घडू शकते.

कराराने भारतात आलेल्यांपैकी अनेकांना हा देश परकाच होता. निलगिरीच्या मळ्यांत त्यांनी पुन्हा मजुरीच पत्करली. मागे राहिलेल्यांपैकी कित्येक दशकानुदशके कोणत्याच देशाचे नव्हते.

अखेर २००३ साली श्रीलंकेच्या संसदेने कायदा करून ३० ऑक्टोबर १९६४ पासून कायम वास्तव्य असणाऱ्यांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. कामगार संघटनांचे कार्यकर्ते अर्ज भरून घेण्यासाठी मळोमळी फिरले आणि थोड्याच दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसे नागरिक झाली. ५५ वर्षे जी गोष्ट अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती पणज्याचा दाखला न मागता पार पडली. अडचण कागदांची असती तर ती इतक्या लवकर सुटली नसती.

म्हणून कोणत्याही देशात नागरिकत्वाच्या नियमांत बदल सुचविला जाईल, तेव्हा कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. हा बदल नव्याने येणाऱ्यांना लागू आहे की स्थिरावलेल्यांनाही? पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे? आणि या बदलाने कोणाचे मत नाहीसे होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा गरीब वस्तीत सापडते. तेथील माणसाचे मत गेले की त्याची मजुरी, त्याचे घर आणि त्याची संघटना यांचे रक्षण करणे दुष्कर होते. मत जाण्यापूर्वी त्याच्या बाजूने उभे राहणे, प्रसंगी आपली मते गमावूनही उभे राहणे, हे समाजवादी पक्षाचे कर्तव्य आहे.