प्रिन्सची सावली आणि २२ कोटी डॉलर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहा मिनिटं मिळाली आहेत, म्हणून थेट आपल्या संगणक कक्षात शिरते. चपला बाहेर काढून आपण तिथे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळायचो. फ्लॉपी कोण आणायचं, ते आजही सरांसमोर सांगणार नाही.

तो गेम जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळजवळ एकट्याने, चार वर्षं खपून १९८९ मध्ये पूर्ण केला. प्रिन्सचं धावणं खरं वाटायचं, कारण ते मेकनरच्या धाकट्या भावाचं होतं. त्याला पळायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. पुढे ॲपल टू संगणकाची मेमरी इतकी भरली की शत्रूचं वेगळं पात्र मावेना. मग त्याने प्रिन्सचंच चित्र एक बिट सरकवून त्याच्याशीच एक्सऑर केलं, आणि आरशातून उडी मारून येणारी ती सावली जन्मली. इंजिनिअर म्हणून सांगते, इतकी देखणी काटकसर मी क्वचितच पाहिली आहे.

आता आजचा हिशेब बघा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीची कागदपत्रं कोर्टात आली. आकडे काळ्या मार्करने खोडले होते, पण स्कॅनमध्ये ते दिसले! ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’चा खर्च २२ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १,८०० कोटी रुपये. ऐन भरात त्यावर २०० माणसं होती. गेमचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार, माणसं गुणिले महिने. पूर्वी भिंत म्हणजे चार चौकोन असायचे. आता तिच्यावरचं शेवाळ, ओल, पोपडे, सगळं कुणीतरी बसून करतं.

गेल्या वर्षी आमच्या बैठकीत एका तरुण सहकारिणीने सुचवलं, नायिकेच्या हातात शस्त्रच नको. कल्पना सगळ्यांना आवडली. मग कुणीतरी विचारलं, “लोकांना नाही रुचली तर एवढ्यांचे पगार कुठून काढायचे?” खोलीत भित्रं कुणी नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यात गृहकर्जाचे हप्ते होते, इतकंच. नायिकेला धनुष्य मिळालं.

नावीन्य संपलंय असं मात्र मला वाटत नाही. ते लहान खोल्यांत राहायला गेलंय. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात युबीसॉफ्ट सोडून आलेल्या एकाने सुमारे तीस जणांची मुख्य टीम जमवली, बाहेरूनही मदत घेतली आणि ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपिडिशन ३३’ केला. आळीपाळीने वार करायची जुनी पद्धत, जी मोठ्या कंपन्या कालबाह्य समजत होत्या. खर्च एक कोटी डॉलरपेक्षा कमी, असं ते सांगतात. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये २०२५ चा सर्वोत्तम गेम तोच ठरला. पण त्याच शहरातल्या युबीसॉफ्टच्या टीमने २०२४ मध्ये प्रिन्सचाच ‘द लॉस्ट क्राउन’ केला होता. समीक्षकांनी वाखाणला, विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, टीम मोडली.

आणि आपल्याकडे? ‘सँड्स ऑफ टाइम’ या प्रिन्सच्या गेमचा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला, तेव्हा काम युबीसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंकडे होतं. २०२२ मध्ये ते मॉन्ट्रियलला गेलं. २०२० मध्येच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने स्वतःचा ‘राजी’ बाजारात आणला. त्याआधी, २०१७ मध्ये, किकस्टार्टरवर त्यांचे पैसे उभे राहिले नव्हते. परक्यांच्या गेममधल्या भिंती आपण उत्तम रंगवतो. ‘राजी’त भिंत कुठे घालायची, हेही इथेच ठरलं.

सकाळपासून तिघांनी विचारलं, “मुलगी गेमिंगमध्ये जायचं म्हणते, पाठवू का?” पाठवा. नोकरीची हमी मी देणार नाही, चांगल्या टीमही मोडताना पाहिल्या आहेत. फक्त कोर्सची फी भरण्याआधी तिला दोन मैत्रिणींबरोबर एक छोटा गेम पूर्ण करू द्या. अर्धवट नव्हे, पूर्ण. तीन महिने, घरचाच संगणक. कुणाकडे असा तयार असेल तर जेवणानंतर आणा, मी लॅपटॉप घेऊन आलेय.