मोटारीचे ओझे

मनुष्य स्वतःच्या वजनाची जितकी चिंता करतो, तितकी आपल्या मोटारीच्या वजनाची करीत नाही. मोटार विकत घेताना तिचा रंग पाहिला जातो, किंमत पाहिली जाते, लिटरमागे किती किलोमीटर जाते हेही विचारले जाते. पण ती किती किलोंची आहे आणि तिच्यात आणखी किती किलो घालण्याची मुभा आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मीही तो कधी विचारला नव्हता. कोंडाईबारीच्या घाटाने मला तो विचारावयास लावले.

उधन्यात राहणाऱ्या आम्हां खानदेशी लोकांचे जीवन दोन गावांत वाटलेले असते. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गापासून जळगावची वाट उधन्यालाच फुटते, आणि त्याच वाटेने आमच्या वाडवडिलांची पावले सुरतेच्या मागांकडे वळली. आता पुष्कळांच्या दाराशी लहानशी मोटार उभी असते. आखाजी आली की बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी करीत ती गावाकडे निघते. आणि परतताना घरच्या दादरची, बाजरीची पोती घेऊन येते.

अशाच एका आखाजीनंतर आम्ही पाच माणसे साक्रीकडून परतत होतो. मागे धान्याची दोन पोती, टपावर लोखंडी कॅरिअर. घाट उतरता उतरता ब्रेकचा दांडा पायाखाली नरम लागू लागला आणि जळकट वास आला. खालचा गिअर टाकून, हातब्रेक हळूहळू ओढीत मी गाडी कशीबशी कडेला घेतली. आई मागे बसली होती. ती एवढेच म्हणाली, "घाई नको रे भाऊ, थांब जरा." आम्ही तासभर थांबलो. दोष गाडीचा नव्हता, माझा होता.

त्या वेळी नेमके काय घडले ते समजून घेणे उपयोगाचे आहे. उतारावरून येणाऱ्या गाडीची शक्ती ब्रेकला उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते, आणि ही शक्ती वजनाच्या प्रमाणात वाढते. वजन सव्वापट झाले की उष्णताही सव्वापट होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. असे जुने तेल फार तापले म्हणजे त्यातील पाण्याची वाफ होते. तेल दाबाखाली आकसत नाही, वाफ मात्र आकसते. म्हणून पाय खोल जातो आणि चाक थांबत नाही. वेळच्या वेळी तेल बदलणे हा त्यावरचा एक उपाय. दुसरा उपाय वजनाचा.

घरी आल्यावर मी गाडीचे माहितीपुस्तक काढले. भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतील अंतर माझ्या गाडीत ४३० किलो निघाले. पाच माणसे सरासरी ६५ किलोंची धरली तर ३२५ होतात. दोन पोत्यांचे १०० मिळवले की ४२५. म्हणजे गाडी मर्यादेत बसावयास हवी होती! मग उद्योगनगरातल्या भुईकाट्यावर, जेथे सुताचे आणि कापडाचे ट्रक तोलले जातात, तेथे मी माझी गाडी नेऊन उभी केली. तो काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो. तरीही रिकामी म्हणवणारी माझी गाडी पुस्तकातल्या आकड्याहून बरीच भारी आहे हे स्पष्ट दिसले.

मग एकेक वस्तू उतरवून वाण्याच्या काट्यावर ठेवली. पुढचे लोखंडी गार्ड १८ किलो. टपावरचे कॅरिअर १४. मागाचे जुने सुटे भाग, जे दुरुस्तीला द्यायचे म्हणून सहा महिने डिकीत पडून होते, ते १६. पाण्याचे दोन डबे १०, हत्यारांची पेटी ९, आणि सतरंजी, छत्र्या, जुनी पायपुसणी मिळून ८. एकूण ७५ किलो! घरात न दिसणारे एक सहावे माणूस आमच्याबरोबर वर्षभर प्रवास करीत होते.

वजन कमी करणे म्हणजे गाडी ओरबाडणे नव्हे. शर्यतीच्या गाड्यांतून मागची बैठक, आतले अस्तर, आवाज अडवणारे थर काढून टाकतात, असे ऐकून काही तरुण तसेच करू पाहतात. रोजच्या वापराच्या गाडीला हे शोभत नाही. मागची बैठक काढली तर आई बसणार कोठे? दारांच्या आतील लोखंडी आडवे दांडे, आसनपट्टे, हवेच्या पिशव्या यांना तर हातही लावू नये. त्यांचे वजन हे ओझे नसून रखवालदार आहे. शिवाय नोंदणीत दाखवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते. त्याच कलमाच्या आधारे पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना सांगितले. असे गार्ड पादचाऱ्याला अधिक इजा करते आणि धडकेचा धक्का थेट सांगाड्याला पोचवते. माझे गार्ड मी भंगारात दिले.

काय ठेवावे आणि काय सोडावे, हा प्रश्न मोठमोठ्या कारखान्यांनाही सुटता सुटत नाही. इचलकरंजी हेही आपल्या उधन्यासारखेच मागांचे गाव. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० नंतरच्या दशकात 'मीरा' नावाची चिमुकली गाडी स्वतः घडवली आणि पुढे अनेक वर्षे ती सुधारीत नेली. इंग्लंडात १९५९ मध्ये निघालेल्या मिनीचे इंजिन आडवे बसवलेले होते; त्यामुळे सुमारे तीन मीटर लांबीच्या गाडीतही चार माणसे बसू शकली. आपल्याकडे १९८३ च्या अखेरीस आलेली मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोंची होती, आणि तिने एका पिढीचे संसार वाहिले.

अलीकडचे उदाहरण नॅनोचे. २००९ साली बाजारात आलेली ही गाडी सुमारे ६०० किलोंची. तिचे दोन नळकांड्यांचे ६२४ सीसीचे इंजिन मागे बसवलेले होते. चाकाला चारांऐवजी तीन नट, काचेला एकच वायपर. हा काटकसरीचा विचार कौतुकास्पद होता. परंतु मागचे दार उघडता येत नसे, आणि सामान ठेवायचे तर मागच्या आसनावरून वाकावे लागे. उघडणारे दार २०१५ मध्ये मिळाले. २०१४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या टक्कर-चाचणीत तिला एकही तारा मिळाला नाही. त्याच वेळी तपासलेल्या इतर लहान गाड्यांच्या साध्या आवृत्त्यांचीही तीच गत झाली. २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले. सणाला गावी जाणाऱ्या कुटुंबाला गाडी हलकी तर हवीच, पण तिच्यात सामान मावले पाहिजे आणि आतली माणसे सुरक्षित राहिली पाहिजेत. यांपैकी एकाचा बळी देऊन दुसरे मिळवणे हा खरा हिशेब नव्हे.

आता लाभाचे बोलू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते गाडीचे वजन १० टक्क्यांनी घटवल्यास इंधनात ६ ते ८ टक्के लाभ होऊ शकतो. परंतु हा हिशेब नव्याने आखलेल्या गाडीचा आहे. आपण डिकी रिकामी केली तर लाभ त्याहून कमीच. मी तो दोन टक्केच धरतो. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि लिटरमागे १८ किलोमीटर धरले, तर सुमारे १३ लिटर पेट्रोल वाचेल. टपावरचे कॅरिअर काढल्याचा लाभ निराळा. तेथे वजनापेक्षा वाऱ्याचा अडथळा मोठा, आणि वेग वाढला की तो झपाट्याने वाढतो. तेव्हा पैशासाठीच हे करावे असे मी म्हणणार नाही. ब्रेक, टायर, स्प्रिंगा आणि घाटातले काळीज, यांसाठी ते करावे.

काही वजन मात्र मुद्दाम ठेवावे. जादा चाक बारा-पंधरा किलोंचे असते. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारे यंत्र आणि दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना २०२० च्या नियमाने त्यातून सूट आहे. पण नवापूरपुढे रात्री टायर फाटला तर तेथे नियम कामी येत नाही, चाकच कामी येते. जॅक, पाना, प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याचे थोडे पाणी ठेवावे. आपल्या भागात पुष्कळ गाड्यांत सीएनजीची टाकी असते. ती भारी असली तरी स्वतःच्या हाताने काढू नये. मात्र तिचे वजन हिशेबात धरावे आणि दर तीन वर्षांची तपासणी चुकवू नये.

पुढच्या आखाजीला निघण्यापूर्वी मी हा हिशेब कागदावर मांडून आईला दाखवला. अडगळ काढल्यावर दोन्ही पोती जेमतेम बसत होती. पाणी आणि पाना ठेवला की काटा मर्यादेला टेकत होता. दादर हा तिच्या जिव्हाळ्याचा विषय. म्हणून पोत्याबद्दल बोलण्याचे धैर्य मला होत नव्हते. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "एक पोतं टेम्पोनं मागून येईल. माणसं मागून येत नाहीत."

त्या खेपेस घाट उतरताना आम्ही आरंभापासूनच खालच्या गिअरमध्ये होतो. ब्रेक पायाखाली घट्ट होता. विसरवाडीला चहा घेतला आणि दिवेलागणीपूर्वी उधन्याला पोचलो. पोते चौथ्या दिवशी आले.

श्रोतेहो, आपणही एखाद्या रविवारी आपली डिकी एकदा पूर्ण रिकामी करून पाहावी. जे परत ठेवावेसे वाटेल ते जरूर ठेवावे; पण ते काट्यावर तोलून ठेवावे.